बर्चच्या पानांतली पुंगळी

बर्चची पानं पिवळी व्हायला लागली की मी खाली बघून चालायला लागतो. बाकी सगळे वर बघतात. शनिवारी हायडेलबर्गहून टेकडीवर फिरायला येणारी माणसं माना मागे टाकून फोटो काढतात, मुलांना झाडं दाखवतात. माझी नजर आपली जमिनीला. बर्चचं पान असतं रुपयाएवढं, आणि गळल्यावर पहिले काही दिवस त्याचा रंग थेट पितळेचा. त्या पानांत काडतुसाची पितळेची एक रिकामी पुंगळी पडलेली असेल, तर शोधणाऱ्याने काय करायचं? वाकायचं, पायाने पानं सारायची, पुन्हा वाकायचं.

"सापडली?" मागून बाकावरून हेल्मुट विचारतो.

"नाही अजून."

"हं. मुळांपाशी बघ. वाऱ्याने पानं सरकतात, पितळ सरकत नाही."

तो स्वतः बघत नसतो. त्याला आता मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना तो मान जरा तिरकी करून माझ्या कानाकडे बघतो, तेव्हा कुठे मी त्याला दिसतो.

टेकडीवरच्या श्युट्सनहाउसमध्ये मी स्वयंपाकी आहे. श्युट्सनहाउस म्हणजे नेमबाजांच्या क्लबचं घर. इकडे जर्मनीत गावोगावी असं एक असतं. मागे रेंज, पुढे खानावळ. आमच्या क्लबला खानावळ चालवायला माणूस मिळेना, तेव्हा आमच्या मालकांनी ती भाड्याने घेतली. मालक जालंधरचे. त्यामुळे मेनूकार्डाच्या डाव्या पानावर तळलेल्या मांसाचं श्निट्सेल आणि उजव्या पानावर दाल मखनी. मी इचलकरंजीचा. दोन्ही पानं मीच रांधतो.

पहिल्या शनिवारी कांदा चिरताना बाहेर गोळीबार सुरू झाला आणि मी सुरीसकट ओट्याखाली जाऊन बसलो. मालक आले, वाकून बघितलं, म्हणाले, "अरे उठ बाबा, मेंबर लोग हैं." उठलो. पण प्रत्येक आवाजाला सुरी घसरत होती. त्या दिवशी कांदा भरड चिरला गेला आणि एका म्हाताऱ्याने मागच्या दाराशी येऊन सांगितलं की आजची दाल जास्त चांगली होती, कांदा दाताखाली येत होता. तो हेल्मुट. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं हे काही लोकांना उपजत येतं.

हळूहळू आवाज ओळखीचे झाले. बाकीच्या बंदुकांचा नुसता आवाज यायचा. हेल्मुटची वाजली की धडाम् झाल्यावर लगेच बाहेरच्या फरशीच्या कडेला किणकिण व्हायची. काय वाजतं म्हणून एकदा हात पुसत बाहेर गेलो, तर तो गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होता. मी शेजारी बसलो आणि चाचपायला लागलो. तांदूळ निवडून निवडून माझी नजर तयार होती. त्या दिवसापासून पुंगळ्या वेचणं माझ्याकडे आलं.

हेल्मुट जुन्या लष्करी रायफली जमवायचा. त्याचं वेड एकाच जातीचं. चाप ओढला की एक गोळी सुटते, आणि त्याच धक्क्यावर बंदूक रिकामी पुंगळी स्वतः बाहेर फेकते, पुढचं काडतूस स्वतः आत घेते. आज यात नवल काही नाही, पण त्या काळी प्रत्येक देशाने हे आपापल्या डोक्याने जुळवलं होतं. त्याच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात एक अमेरिकन होती, ती शेवटच्या गोळीबरोबर पत्र्याची क्लिप टणकन बाहेर टाकायची. एक स्वीडिश होती, ती पुंगळी इतक्या लांब भिरकवायची की हेल्मुट म्हणायचा, "शेजाऱ्याने कॉफीवर झाकण ठेवावं." पण जिच्यावर जीव होता ती फ्रेंच.

त्याचं कारण त्याने मला मागच्या दाराशी दाल खाता खाता सांगितलं. ऱ्हाइनच्या पलीकडे तो ज्या गावात वाढला, तिथे युद्धानंतर फ्रेंच सैन्याची छावणी होती. मुलं कुंपणाला लटकून बघत असत. एका सैनिकाने त्याला रिकामी पुंगळी दिली, खालचा ओठ तिच्या तोंडाला लावून फुंकायला शिकवलं. शीळ वाजली. "घरात बाप बोलत नव्हता, आई बोलत नव्हती," हेल्मुट म्हणाला. "त्या वर्षी आमच्या घरात वाजणारी एवढी एकच गोष्ट."

पुढे फ्रेंचांनीच ती रायफल सोडून दिली, मग तिचं काडतूस तरी कोण बनवणार? कुठलीशी कंपनी मधूनच थोडी काढते, ती दुकानात पोचायच्या आधी संपतात. बंदूक धडधाकट, पण तिचं खाणं बनायचं थांबलेलं. मला हे लगेच कळलं. आंबेमोहोर मिळेल या आशेने मी मानहाइमपर्यंत जाऊन आलेला माणूस आहे. म्हणून हेल्मुट पुंगळ्या जपायचा. घरी काडतुसांत दारू भरायचा रीतसर परवाना त्याच्याकडे होता. पुंगळी साफ करायची, बुडाची टोपी बदलायची, दारू तोलून भरायची, वर नवी गोळी बसवायची. प्रत्येक पुंगळी अशी काही वेळा चालते, मग तिचा गळा चिरतो आणि ती संपते. ती फ्रेंच रायफल पुंगळी उजवीकडे फेकते, तीही मानेला पोचा पाडून. जाळी लावून पाहिली, तर पुंगळी जाळीवर आपटून परत बंदुकीच्या बाजूच्या खाचेत अडकायची. म्हणून हेल्मुट उजव्या टोकाची जागा घ्यायचा. पलीकडे उतार, आणि उतारावर बर्चची झाडं.

मी नववीत शाळा सोडली. वडील गेले आणि यंत्रमागवाल्यांच्या खानावळीत चपात्या लाटायला लागलो. त्यात मोठी गोष्ट काही नाही. पण शाळा सुटली तरी वर्गाबाहेर उभं असल्यासारखं वाटणं सुटत नाही. सरकारी कचेरीचं खिडकीवालं पाकीट आलं की ते उघडण्याआधी मी चहा करतो. पोलीस दिसला की उगाच खिसा चाचपतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही कुठल्या कंपनीत?" मी म्हणतो, "श्युट्सनहाउसमध्ये." त्यांना वाटतं काही संरक्षण-बिरक्षण असेल, आणि ते अदबीने गप्प बसतात. मीही गप्प बसतो.

एकदा पुंगळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो होतो. प्रत्येक वळणावर पिशवी वाजत होती. तिकीट तपासनीस चढला. तिकीट होतं, पण माझा चेहरा बिनतिकिटाचा झाला. त्याने पिशवीकडे बोट केलं. मी उघडून दाखवली. आता उतरवणार, आता फोन करणार, असं मनात चाललेलं असताना तो म्हणाला, "आख, हेल्मुटच्या! त्याला सांग, सोमवारी पत्ते खेळायला येतोय." मी घरी जाऊन देवापुढे उदबत्ती लावली. कुणाच्या तरी नावाने आपण ओळखले जातो, ही परदेशात केवढी मोठी गोष्ट आहे, हे घरी राहिलेल्यांना सांगून पटत नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत आई आली होती. पहिल्यांदा आली आणि आल्या आल्या माझ्या भांड्यांना नावं ठेवली. हेल्मुट हे नाव तिने एका दिवसात निकालात काढलं. "हेमंतराव म्हण की सरळ!" हेमंतराव तिला आवडले, कारण ते ताट चाटूनपुसून खायचे.

त्याच सुमाराला हेल्मुटच्या डोळ्यांचं डॉक्टरांनी पक्कं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग, आणि डाग वाढणार. नेम धरायचा तर नळीच्या टोकावरचा लहानसा खिळा दिसावा लागतो; तो पुढच्या वर्षी दिसणार नव्हता. हेल्मुटने स्वतःच ठरवलं. ऑक्टोबरात क्लबचं एंडशीसन असतं, म्हणजे हंगाम मिटवायची नेमबाजी. प्रत्येकाने दहा गोळ्या मारायच्या, मग केक खायचा. ते फ्रेंच रायफलने करायचं आणि मग सगळ्या बंदुका झाबीनेला देऊन टाकायच्या. झाबीने गावात टपाल वाटते, रेंजवर देखरेख करते आणि स्वतःही जुन्या रायफली जमवते. "मला आणखी काही नको," हेल्मुट मला म्हणाला. "त्या दहा तेवढ्या दिसल्या पाहिजेत."

दहा काडतुसं भरायला पुरतील एवढ्या धड पुंगळ्या राहिल्या होत्या, फार नाहीत. एरवी तो त्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात, थरथरणाऱ्या डब्यात साफ करतो. त्या आठवड्यात डब्याची मोटर जळली. मी म्हटलं, दे, मी घरी कोमट पाण्यात फडक्याने पुसून आणतो.

पिशवी मोरीपाशी ठेवली आणि कामावर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आई देवाची भांडी पुसून मांडत होती. समई, घंटा, तांब्या. आणि शेजारी, ओळीने, पुंगळ्या.

"काय रं ह्या काळवंडलेल्या ठेवल्यास? नवरात्र बसलंय, घरात काळं पितळ ठेवत्यात व्हय? भांड्याबरोबर ह्याबी घासल्या. आतलं काळं काय जाईना, मग चिंच नि मीठ घालून रातभर भिजत टाकल्या. बघ आता!"

बघितलं. पिवळ्या राहिल्याच नव्हत्या. गुलाबी झाल्या होत्या, तांब्याच्या पळीसारख्या. काय बिघडलं ते मला सांगता आलं नसतं, पण काहीतरी बिघडलं एवढं कळलं. फोडणी करपायच्या आधी जसं वासावरून कळतं.

हेल्मुट दुपारी मागच्या दाराशी आला, तेव्हा आईने काय केलं ते मी त्याला सांगितलं. आई तिथेच खुर्चीवर मटार सोलत बसली होती. तिला श्निट्सेलपेक्षा मटारांवर जास्त विश्वास. हेल्मुटने एक पुंगळी उचलली, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पाहिली, करंगळी तिच्या तोंडात फिरवली. मग दुसरी. मग तिसरी. आईच्या हातातला मटार थांबला. ती कौतुकाची वाट बघत होती.

"चिंच म्हणजे आंबट काहीतरी?" त्याने मला हळू विचारलं.

"हो. मीठही."

"आल्झो, तर मग. जस्त निघून गेलंय. हे आता पितळ नाही, नुसतं टरफल. बंदुकीत फाटेल."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"काय म्हणत्यात हेमंतराव?" आई.

तिला खरं सांगितलं तर ती उरलेले दिवस देवासमोर बसून काढणार, आणि खोटं सांगायला मला तेवढी जर्मनही येत नाही नि तेवढं मराठीही. हेल्मुटने माझ्या कानाकडे पाहिलं. मग आईकडे वळून सावकाश बोलला, जणू तिला जर्मन कळतं. "तिला सांग, कारखान्यातून निघाल्या तेव्हाही या इतक्या स्वच्छ नव्हत्या."

"हेल्मुट, पण..."

"खोटं आहे का? नाही. गेनाऊ, बरोबर. सांग."

मी सांगितलं. आई खुलली. "मग! त्यास्नी म्हणावं, पुढच्या खेपेला आधी देत जा. आयत्या येळंला न्हाई."

हेही सांगितलं. हेल्मुटने टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "यावोल, जशी आज्ञा." मग त्याने एक गुलाबी पुंगळी ओठाला लावून फुंकली. बारीक, लांब शीळ. आई मटार सांडून हसली. "आण इकडं!" चुलीवर फुंकणी धरून जन्म गेलेली बाई ती, तिची शीळ त्याच्यापेक्षा मोठी वाजली. आतून मालक ओरडले, "प्रेशर कुकर कोणी लावला?"

तो हसून गेला, पण पाठमोरा जाताना त्याची मंदावलेली चाल मला दिसली. त्या आठवड्यात माझं मीठ चुकत राहिलं. आपल्याला एखादी जागा मिळते ती मुळात उसनी असते, आपल्या घरच्यांचा एक धक्का लागला की ती परत मागतील, ही धास्ती माझ्या अंगात फार जुनी आहे. शुक्रवारी हेल्मुट आला तेव्हा मला वाटलं, आता तो सांगणार की उद्यापासून पुंगळ्या वेचायला येऊ नकोस.

त्याने ओट्यावर एक तपकिरी खोका ठेवला, सुतळीने बांधलेला, वर पुसट फ्रेंच अक्षरं. आत दहा काडतुसं. कधी काळी एका जुन्या संग्राहकाकडून मिळालेली, कारखान्याची, न उघडलेली. मी त्यांच्याबद्दल ऐकून होतो, पाहिली नव्हती.

"ह्या गोळ्या तर ठेवलेल्या होत्या ना?"

"हो."

"कशासाठी?"

त्याने सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शेवटच्या आहेत म्हणून ठेवल्या होत्या. आल्झो, आता शेवटच आहे. तुझ्या आईने चिंच घातली नसती तर कपाटातच राहिल्या असत्या."

त्याचा खोका बघताना मला माझं फडताळ आठवलं. आईने आणलेला काळा मसाला मी उघडला नव्हता. उघडला की संपायला लागतो. तो त्याच दिवशी फोडला.

शनिवारी थंड ऊन होतं. आई पदरावरून आवाज अडवणारे कानांचे मफ घालून मागे बसली होती. जाड शाल, वर पिवळे मफ, ओटीत झेंडूची फुलं आणि हळदीकुंकवाची डबी. खंडेनवमी आठवड्याच्या मधेच होऊन गेली होती, पण इकडे आपले सण शनिवारी होतात. तिला बंदुकीची पूजा करायची होती. आधी करते म्हणाली, मग स्वतःच थांबली. "नको. पूजा झाल्यावर हत्याराला त्या दिवशी हात लावत न्हाईत. त्यांचं आधी होऊ दे."

हेल्मुट उजव्या टोकाला बसला. मी फरशीच्या कडेला उभा, पानांवर नजर लावून. पहिली धडाम्. पुंगळी उन्हात एक गिरकी घेऊन पानांत पडली, मी जागा धरली. दुसरी. तिसरी. मधे तो लांब थांबायचा, डोळे मिटायचा, उघडायचा. शेजारच्या जागांवरचे लोक एकेक करून थांबले. नऊ झाल्या. नवाच्या नऊ कुठे पडल्या ते मला बोट लावून सांगता आलं असतं.

दहाव्या वेळी त्याने रायफल खांद्याला लावली. धरली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली.

"गेला," तो म्हणाला.

"काय?"

"खिळा. धुकं आलं त्याच्यावर."

मग त्याने सरकून बाकाची कड मोकळी केली. "कोम, ये. तुला दिसतं."

"मला? हेल्मुट, तुझं गुणांचं कार्ड..."

"कार्डावर नऊ लिहितील. नऊ काही वाईट नाही."

मी झाबीनेकडे पाहिलं. तिने होकाराने मान हलवली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत मी त्या रायफलचा चाप कधी ओढला नव्हता. ओढायचा म्हणजे त्याचं एक काडतूस कमी करायचं. कुणी म्हटलं असतं तरी मी ओढला नसता. लाकूड त्याच्या गालाने ऊबदार झालं होतं. खिळा मला स्वच्छ दिसला, इतका स्वच्छ की मला लाज वाटली. मागून आईचा आवाज आला, "श्वास धर रं, दूध उतू जाताना धरतोस तसा."

ओढला.

गोळी कागदाला लागली एवढं पुरे. खांदा दुखला, कान वाजले, आणि हेल्मुट हसत होता. मग मी सवयीने उतारावर गेलो. नऊ पुंगळ्या नऊ जागी सापडल्या. दहावी कुठे पडली ते पाहायला कुणी नव्हतं. पाहणारा मी तर बाकावर बसलो होतो.

सगळ्यांनी शोधली. वारा सुटला, पानं पडत राहिली. शेवटी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. भुईलाबी काय तर पायजे." रायफल रिकामी, उघडी करून टेबलावर ठेवली. आईने दस्त्याच्या लाकडावर हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, नळीवरून हात फिरवला आणि बंदुकीला म्हणाली, "आता आराम कर." हेल्मुटने टोपी काढली. ते बघून बाकीच्यांनी काढल्या. झाबीनेने ती कुंकवासकट नेली. तिने ते अजून पुसलेलं नाही. हळद तर लाकडाच्या रेषांत बसलीच आहे.

आई इचलकरंजीला परतली. परवा फोनवर विचारत होती, "हेमंतरावांच्या पुंगळ्या यंदा कुणी घासल्या?" मी म्हटलं, "तुझ्यासारख्या कुणालाच जमत नाहीत." खोटं आहे का? नाही.

यंदा हेल्मुटकडे बंदूक नाही. तरी तो दर शनिवारी येतो, बाकावर बसतो आणि मला डावी-उजवी सांगतो. त्याची मुलगी बिर्गिट त्याला गाडीने सोडते. सप्टेंबरात तिने मला गाडीपाशी थांबवलं. म्हणाली, "आठवडाभर तो खुर्चीतून उठत नाही. पत्ते सोडले, रेडिओही लावत नाही. शनिवारी मात्र मी उठायच्या आत बूट घालून बसलेला असतो. म्हणतो, ती पुंगळी शोधायचीय, त्या पोराला एकट्याला सापडणार नाही."

त्यानंतरच्या शनिवारी ती सापडली. मुळांपाशी, शेवाळात अर्धी रुतलेली, हिरवी पडलेली, मानेला तोच पोचा. त्या बाजूला दुसरं कुणी मारत नाही, आणि बाकीच्या नऊ हेल्मुटच्या कपाटात आहेत. मी ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. पुंगळी खिशात टाकली.

आज पुन्हा शनिवार. पानं पितळेची झाली आहेत. आतमध्ये दाल मंद आचेवर आहे, मालकांना सांगून आलोय.

"सापडली?"

"नाही अजून."

मी पुढचं पाऊल टाकलं आणि खिशातल्या किल्ल्यांवर पुंगळी वाजली. बारीक, पितळेची किणकिण. सगळं आयुष्य हाच आवाज ऐकत आलेला माणूस बाकावर बसला होता. मी जागच्या जागी थांबलो.

हेल्मुटने मान तिरकी करून माझ्या कानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हं," तो म्हणाला. मग त्याने कोट नीट केला, पाय लांब केले. "घाई नको करूस. पुढच्या शनिवारी ऊन असलं तर बरं दिसेल."

"हो," म्हटलं, आणि वाकून पुन्हा पानं सारायला लागलो.